आत्याचे डावखुरे राजे

सांगली,
१२ जानेवारी १९९६

चि. त्रिशला हिस
अनेक आशीर्वाद.

मिरजेच्या डॉक्टरांनी काल मला मोकळं केलं. टाके सुकले आहेत. भरलेली बादली सोडून आता सगळं उचलायची परवानगी आहे. तेव्हा महिनाअखेरीस मी साताऱ्याला येते आणि आत्याला घेऊन जाते. ऑपरेशनपुरती तू तिला ठेवून घेतलीस, धन्यकुमारांनीही काही म्हटलं नाही, याची मला जाणीव आहे. पण आता तिला तिच्या घरी आणायला हवं. आई गेल्यावर तिनं आपल्याला वाढवलं आणि तुझं लग्न झाल्यापासून गेली बारा वर्षं या घरात आम्ही दोघीच आहोत. परवा स्वयंपाकघरात हातातून झाकणी पडली आणि 'काय गं पडलं' असं कुणी विचारलं नाही, तेव्हा 'झाकणी' असं मीच मोठ्यानं सांगितलं.

माझं पुस्तक मार्गी लागतंय. मुंबईत पडद्यावर पहिल्यांदा चित्रं हलली त्याला येत्या जुलैत शंभर वर्षं होतील. पुण्याच्या प्रकाशकांना तोवर हवं आहे. मूकपटांच्या दिवसांत मुंबईत कोण, कुठल्या थिएटरात, कुठल्या जागेवर बसून सिनेमा बघायचं, एवढाच विषय. पण त्यात माझ्या किती उन्हाळी सुट्ट्या गेल्या ते तू पाहिलंयस. बायकांवरचं प्रकरण मात्र अजून किडकिडीत आहे. जुन्या जाहिरातींत 'स्त्रियांची स्वतंत्र सोय' असं छापलेलं जागोजाग सापडतं. त्या सोयीत प्रत्यक्ष बसलेली एकही बाई मला भेटलेली नाही.

आत्याला थंडीत पहाटे अंघोळ करू देऊ नकोस. ती ऐकत नाही, तरी देऊ नकोस.

तुझी,
शालनअक्का

०

सातारा,
२१ जानेवारी १९९६

ती. अक्का,
जय जिनेंद्र. सा. न.

तुझं पत्र वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "तिला सांग, हितं पानी तापवायला बंब हाय." आमचे हे म्हणतात, मी टेलिफोन खात्यात असून बायकोच्या माहेरची माणसं पोस्टाचीच गिऱ्हाइकं. तुला घरी फोन मिळवून देतो म्हणतात. मी सांगितलं, अक्का फोनवर भलतं बोलून जाते म्हणून ती कागदच बरा म्हणते.

आता खरी बातमी. माझ्या शिवणक्लासात पायल नावाची एक मुलगी आहे, डावखुरी. कात्री उजव्या हातात धर म्हणून मी तिला रोज ओरडते. परवाही ओरडले. आत्या खिडकीशी माळ जपत बसली होती, तिथूनच म्हणाली, "आसू दे गं. मुंबईत सिनेमातलं समदं राजं डावरंच हुतं. त्यांची राज्यं चालली न्हवं?"

मुली हसायला लागल्या. मी म्हटलं, "आत्या, तू कुठं बघितलास गं मुंबईत सिनेमा?"

"कुठं म्हंजे? दर ऐतवारी. लगीन झाल्यावर मुंबईला न्हवते व्हय मी? पत्र्याचं हुतं ते. ट्रामनं जायचं."

अक्का, तासभर बोलत होती! त्या वेळी चित्रं बोलत नव्हती, पण बायका बोलायच्या म्हणे. कुणाला काय होणार ते ज्यांनी आधी बघितलंय त्या ओरडून सांगायच्या, मग ज्यांनी नाही बघितलं त्या त्यांना शिव्या द्यायच्या. पेटीवाला आणि तबलेवाला असायचा. लढाई आली की तबलेवाला ढोलकी घ्यायचा. पेटीवाल्याला एकदा डुलकी लागली तर राणी मरताना नुसताच तबला वाजला. हे सांगताना आत्या अशी हसली की पदरानं डोळे पुसायला लागले. काजं-बटणं राहिली बाजूला. आता मुली क्लास सुटला तरी जात नाहीत.

तुझा तर हाच विषय, तेव्हा तुला हे सगळं केव्हाच सांगून झालं असेल. मलाच नवीन. तिला आणखी महिनाभर इथं राहू दे ना. रंगात आली आहे.

तुझी,
त्रिशला

०

सांगली,
२६ जानेवारी १९९६

चि. त्रिशला,
आशीर्वाद.

नाही. मला काहीही सांगितलेलं नाही.

ती लग्नानंतर मुंबईत होती, तिचे यजमान कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिणारे मेहता होते, ते तिकडेच वारले आणि ती विशीच्या आत माहेरी परत आली, एवढंच मला माहीत. या घरात जेवणाच्या टेबलावर मी तिच्यासमोर मूकपटांची टिपणं पसरून बसत असे. ती त्यांच्यावर ताट ठेवायला जागा करायची. एकदाही म्हणाली नाही, की शालन, मी तिथं होते.

मी मनाला विचारलं, की तू विचारलंस का कधी? उत्तर फारसं बरं नाही. पण तूही विचारलं नव्हतंसच. तुझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती, एवढंच.

असो. सोबत प्रश्न पाठवते आहे. कोणतं साल, कोणतं थिएटर, तिकीट किती, बसायला बाक की जमीन, बायकांची जागा कुठे, मध्ये बांबूच्या चिकाचा पडदा होता का. आहेत तसेच विचार. मध्ये तुझं काही सुचवू नकोस, मुलींना बोलू देऊ नकोस. खरं तर मी येईपर्यंत तिला या विषयावर बोलतीच करू नकोस. आठवण एकदा दहा जणांसमोर सांगितली की ती खऱ्यासारखी राहत नाही, गोष्ट होते. हे मी अभ्यासाच्या दृष्टीनं लिहिते आहे. (हे वाक्य मी दोनदा वाचलं. ते अर्धंच खरं आहे. राहू देते.)

एकतीस तारखेला टेपरेकॉर्डर घेऊन येते. आत्याची पिशवी भरून ठेव.

शालनअक्का

०

सातारा,
१५ फेब्रुवारी १९९६

ती. अक्का,
सा. न.

तू गेल्यापासून पत्र नाही. रागावलीस ना? मी काही तिला राहा म्हटलं नव्हतं. तूच पाहिलंस. तू टेबलावर तो टेप ठेवलास, बटण दाबलंस, 'हं, आत्या, साल सांग' म्हणालीस, आणि तिनं पदर तोंडावर ओढून 'झोप आलीया' म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पिशवी भरलेली होती, ती तिनंच उघडून लुगडी परत कपाटात ठेवली. मी काय करू?

तू बसमध्ये बसलीस आणि ती म्हणाली, "गेली का? च्या टाक." मग पुन्हा सुरू! मी काही वाईट हेतूनं लिहीत नाही, तुला उपयोग व्हावा म्हणून लिहिते. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मी तिला कळू न देता काढली.

साल माहीत नाही. "मला कुठं वाचता येत हुतं तवा? पाटीवर काय बी लिवलेलं आसंल." पडद्यावर अक्षरं आली की ती सुपारी फोडायची. खाली गोणपाट. पडद्याला अगदी लागून. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस शिडीवर चढून पडद्यावर पिचकारीनं पाणी मारायचा, ते पुढच्या बायकांच्या अंगावर उडायचं आणि सगळ्या किंचाळायच्या. तिकीट यजमान काढायचे. "मला खास जागा धरून दिली हुती मालकांनी. मला तितं बसवायचं आनि आपन गर्दीत जायचं. सुटल्यावर न्यायला यायचं." हे सांगताना तिनं मान अशी ताठ केली ना, की मला भरूनच आलं. कुठला नवरा त्या काळात बायकोला दर रविवारी सिनेमाला न्यायचा?

आणि राजे डावखुरे. हे ती सोडतच नाही. तलवार डाव्या हातात, आशीर्वाद डाव्या हातानं, एक ऋषी होता तो शापसुद्धा डाव्या हातानं द्यायचा. पायलला तर तिनं सांगून टाकलंय, की तुझ्यासारखीच होती ती समदी.

आता रागावू नकोस. इथल्या साप्ताहिकात बायकांचं पान असतं, त्या बाई क्लासला ब्लाऊज शिवायला आल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि मलाच लिहायला लावलं. कात्रण पाठवते. 'आमच्या आत्यांचा सिनेमा' असं नाव त्यांनी दिलं. मी आयुष्यात काही छापलं नव्हतं. ह्यांनी अंकाच्या बऱ्याच प्रती आणल्या आणि आत्यानं तर तो अंक उशाखाली ठेवलाय.

तुझी,
त्रिशला

०

सांगली,
३ मार्च १९९६

चि. त्रिशला,

कात्रण वाचलं. तू चांगलं लिहितेस. हे मी मनापासून लिहिते आहे आणि लिहिताना माझा जीव जळतो आहे, तेही तुला कळलेलं बरं.

पण तुझ्या लेखात जे खरं नाही ते छापलं गेलं आहे. मूकपटातले राजे डावखुरे नव्हते. मी त्या काळातल्या सिनेमांची छायाचित्रं पाहिली आहेत. मासिकांत आलेली, संग्रहात ठेवलेली. तलवारी सगळ्यांच्या उजव्या हातात आहेत. मुंबईसारख्या शहरातल्या थिएटरात शिडीवर चढून कुणी प्रेक्षकांच्या अंगावर पाणी उडवत असेल, यावरही माझा विश्वास नाही. आत्या पंचाऐंशीची आहे. तिच्या आठवणीत जत्रेतला तंबू, कीर्तनातली आख्यानं आणि तुझ्या मुलींची हौस यांची खिचडी झाली आहे. तरी मी तुला म्हटलं होतं.

मी साप्ताहिकाच्या संपादकांना तसं पत्र पाठवलं आहे. तुझ्या हातात छापील अंक पडण्याआधी माझ्याकडूनच कळावं म्हणून हे लिहिते. पत्रात कुणाचा अपमान होईल असं काही नाही. या विषयावर माझं पुस्तक येतं आहे. उद्या कुणी तुझा लेख पुढे करून 'तुमच्याच घरची बाई असं सांगते' म्हणालं तर मी काय उत्तर देऊ?

रात्री डायरीत मी लिहिलं, 'आज सत्यासाठी एक अप्रिय काम केलं.' सकाळी ते वाक्य वाचवेना. सत्यासाठीच करायचं होतं तर पत्र टाकायला मी भर उन्हात मोठ्या पोस्टापर्यंत चालत का गेले? कोपऱ्यावर पेटी आहे. ती दुपारी चारला उघडतात आणि मला तेवढाही धीर नव्हता.

पण मुद्दा बरोबर आहे. मुद्द्यात माझं काही चुकलेलं नाही.

आत्याला नमस्कार. ती कधी यायचं म्हणते?

शालन

०

सातारा,
२० मार्च १९९६

अक्का,

तुझं पत्र छापून आलं. ते घरात कसं आलं ते तुला सांगते, कारण तुला सगळं नीट माहीत असावं लागतं.

अंक दुपारी आला. मी शेजारी माप घ्यायला गेले होते. आत्यानं तो उघडला, बायकांचं पान काढलं आणि वर लेखाचं नाव बघून तिला वाटलं, पुन्हा आपलंच काहीतरी कौतुक आलंय. श्राविकाश्रमात मोठेपणी शिकली, तेव्हापासून तिला मोठ्यानं वाचायची किती हौस आहे ते तुला माहीत आहे. भिंग घेतलं आणि मुलींना म्हणाली, "गप ऱ्हावा गं, वाचून दाखवते."

एकेक अक्षर लावत तिनं सगळं वाचलं. 'वृद्धापकाळी स्मृतीचा भरवसा धरता येत नाही.' 'अशिक्षित प्रेक्षकांच्या कल्पनाविलासाला इतिहास म्हणता येणार नाही.' मी दारात आले तेव्हा ती तिथवर पोचली होती. मुलींना अर्थ कळायला लागला होता, पायल खाली मान घालून बसली होती. आत्याला मात्र वाचण्याच्या नादात अर्थ लागत नव्हता. शेवटी खाली आली. 'प्रा.' वाचलं. मग 'शालन' वाचलं. मग पुढचं वाचलं नाही. भिंग पुसलं, डबीत ठेवलं.

मी म्हटलं, "आत्या, अगं तिचा तसा अर्थ नव्हता."

ती म्हणाली, "न्हाई गं. ती शिकलेली हाय. ती म्हनती तर मी बघितलंच नसंल."

अक्का, तेव्हापासून ती सिनेमाचं बोलत नाही. मुली विचारतात, ती म्हणते, "मला काय आठवतंय डोंबल." आणि तू विचारतेस ती कधी येणार. तिनं नाही म्हटलेलं नाही. पण मी पाठवणार नाही. तुला मुद्दा पाहिजे होता, तो मिळाला. आत्या राहू दे माझ्याकडे.

त्रिशला

०

सांगली,
१६ एप्रिल १९९६

प्रिय त्रिशला,

तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं काही नव्हतं. आज आहे. हे पत्र एकटीनं वाच.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल माया कांबळे यांच्याकडे परवा चौदा तारखेला जयंतीला गेले होते. जेवायचं आमंत्रण होतं. घरी एकटीनं जेवायचा मला हल्ली कंटाळा येतो. जेवणं झाल्यावर त्यांच्या वस्तीत सिनेमा होता. रस्त्याच्या मधोमध दोन बांबू रोवून त्यांना पांढरं कापड ताणलेलं, समोर भाड्याचं मशीन. मशीनच्या बाजूला पुरुषांची ही गर्दी. मायाताई म्हणाल्या, "मॅडम, तिकडं चेंगराल. आपण मागं बसू. मागनं पण दिसतं सगळं."

कापडाच्या मागे बायका पोतं अंथरून बसल्या होत्या. मायाताईंच्या सासूबाई, बाळाबाई, त्यांनी मला हात धरून खाली बसवलं. सिनेमा फौजदाराचा होता. फौजदार आला, साहेबासमोर उभा राहिला आणि त्यानं डाव्या हातानं खाडकन सलाम ठोकला.

मी म्हटलं, "अहो, हा डाव्या हातानं सलाम करतोय!"

बाळाबाई म्हणाल्या, "आवं बाई, सलाम कुठल्या बी हातानं मारू द्या की. गोळी नीट लागली म्हंजे झालं."

पलीकडची एक म्हणाली, "आमच्याकडं समदं डावंच असतंय. तुमी पैल्यांदाच बसलाय वाटतं मागं?"

"अक्षरं तेवढी वाचायची न्हाईत," बाळाबाई म्हणाल्या. "उलटी येत्यात. डोकं दुखतं."

त्रिशला, त्यापुढचा सिनेमा मी बघितला नाही. पोत्यावर बसून मी रडत होते आणि बाळाबाईंना वाटलं, फौजदाराची आई मेली म्हणून.

आत्या पडद्याच्या मागे बसत होती. पाणी मारायचे ते कापड ओलं व्हावं, म्हणजे चित्र पलीकडे नीट उतरतं. उलट्या अक्षरांनी तिला शंका आली नाही, कारण तिला सुलटी तरी कुठं वाचता येत होती? खेडोपाडीच्या तंबूत माणसं पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसतात, हे मला माहीत होतं, माझ्याच टिपणात आहे. पण मुंबई म्हटल्यावर मी खुर्च्याच धरून चालले. आणि ज्या क्षणी तू 'डावखुरे' असं लिहिलंस त्या क्षणी मी विचार करायचा थांबले होते. मला तुझा लेख चुकीचा असायला हवा होता.

आता तुला वाटेल, बरं झालं, आत्याला सांगू, तिची आठवण खरी ठरली. मलाही पहिली इच्छा तीच झाली. रातोरात बस धरून यावं, तिच्या पायाशी बसावं आणि सांगावं. तुझ्याकडे जे नाही ते माझ्या हाती लागलं होतं, ही गोष्टही मनात होती, खोटं कशाला बोलू?

पण थांब. यजमानांनी तिला धरून दिलेली ती 'खास जागा'. तिनं मान ताठ करून तुला सांगितलेली. पडद्यामागे गोणपाटावर, सगळ्यांत स्वस्तातली. आणि ते स्वतः जात होते त्या 'गर्दीत' खुर्च्या होत्या, चित्र सुलटं होतं. आयुष्यात नवऱ्याची म्हणून तिच्याकडे एवढी एकच गोष्ट आहे. तिची आठवण खरी ठरवायची तर मला ही गोष्ट तिच्याकडून काढून घ्यावी लागेल.

म्हणून तिला सांगू नकोस. मी साप्ताहिकाला दोन ओळी पाठवल्या आहेत: 'माझ्या पत्रातलं विधान चुकीचं होतं. श्रीमती चंद्राबाई सांगतात तेच बरोबर आहे.' कारण दिलेलं नाही. कारण न देता मी आजवर एक ओळ छापलेली नाही. पुस्तकातही घालणार नाही. बायकांच्या प्रकरणाला याहून मोठा पुरावा मला कधी मिळणार नाही, तरी नाही. कालपासून मी स्वतःला विचारते आहे, हे गप्प राहणं तिच्यासाठी आहे, की तिच्याबद्दलची एक गोष्ट शेवटी एकट्या माझ्याकडे राहावी म्हणून? ठरवता आलं नाही म्हणून तुला लिहिलं. आता ती एकट्या माझ्याकडे राहिली नाही.

तिला परत पाठव असं मी म्हणत नाही. म्हणायचा हक्क उरला नाही.

तुझी,
शालन

०

सातारा,
५ मे १९९६

ती. अक्का,
सा. न.

मला माफ कर. मी सांगितलं तिला.

तुझ्या दोन ओळी छापून आल्या, तिनं वाचल्या आणि मला म्हणाली, "ही आसं का लिवती? शालननं कारन दिल्याबिगर कवा नमस्कार सुदिक केला न्हाई." चार दिवस माझ्या मागं लागली. मग मी तुझं पत्रच वाचून दाखवलं. मला वाटलं रडेल. ती उठली, परसात गेली, तुळशीला पाणी घातलं आणि येऊन म्हणाली, "कागद घे." पुढचं तिचं आहे. मी फक्त लिहून घेते आहे.

चि. शाले,
चंद्राबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र ऐकलं. तू आनि ही त्रिशा, दोघींना वाटतंय मला काय म्हाईत न्हाई. मी वाचायला उशिरा शिकले, बघायला न्हाई.

दोन वर्सं मी त्या गोनपाटावर बसले. मला वाटायचं सिनेमा आसाच आसतो, एका अंगानं. मग एकदा मधल्या सुट्टीत मला तहान लागली. सोबतच्या बाया म्हनाल्या, पलीकडं सोडा मिळतो. मी कदी गेले न्हवते. भित्तीला धरून पडद्याला वळसा घालून गेले. तर तितं खुर्च्या. पंखं. आनि मालक बसल्यालं. शेजारी एक बाई, गजरा माळलेली. पेढीवरच्या कुनाची तरी भन का कोन, ते मी कदी विचारलं न्हाई. एका बाटलीतला सोडा दोघं पीत हुती. आदी ती, मग त्येनी. शाले, आमच्या घरात उष्टं चालत न्हवतं. माज्या ताटातला भाकरीचा तुकडा त्येनी कदी तोंडात घातला न्हाई. आनि तिचा सोडा पीत हुतं.

मी तशीच उबी ऱ्हायले. खेळ सुरू झाला. मग बघितलं, राजानं तलवार उजव्या हातात घेतली. मला हसू आलं बग. म्हटलं, हिकडं समदं सरळ हाय, आनि मीच उलटी बसलीया.

परत जाऊन जाग्यावर बसले, माजं राजं पुन्यांदा डावरं झालं. घरी काय बोलले न्हाई. दुसऱ्या ऐतवारी त्येनी इचारलं, यायचं का? म्हटलं, यायचं. का न्हाई जायचं? पडदा माज्या अंगाला लागून हुता. पलीकडं ती दोघं हैत ह्ये मला म्हाईत, आनि मला म्हाईत हाय ह्ये त्यांना म्हाईत न्हाई. लय जळायचे मी. सिनेमा बघत बघत जळायचे. म्हनून तर येक बी सिनेमा इसरले न्हाई. पुडल्या वर्सी ते तापानं गेले. खास जागा म्हनत हुते तेच, म्हनून मी बी म्हनते. नवऱ्यानं दिलेलं दुसरं काय सांगू मानसांना?

(इथं मी तिला पाणी दिलं. त्रि.)

तुला का सांगितलं न्हाई ते ऐक. तू लिवून घेतली आसतीस. लिवलं की ते तुजं झालं आसतं, वर दुरुस्त बी केलं आसतंस. ह्या पोरी नुसत्या हसतात. आता घाल म्हनत आसशील तर घाल पुस्तकात. पर बाटलीचं घालू नको.

तुजं पेपरातलं पत्र वाचलं तवा लय लागलं. दोन-तीन दिस जेवन ग्वाड लागंना. मग इचार केला, ही पोर आसं का करंल? आनि मग वळखलं. ही जळतीया. ही त्रिशावर जळतीया, माज्यापायी! जळनं मला वळखू येतं, माजी सारी तरनी वर्सं त्यात गेली. पर आजवर मीच दुसऱ्यांपायी जळले. माज्यापायी कोन जळलं न्हवतं, शाले. नवरा न्हाई, सासर न्हाई, कोन न्हाई. ह्या वयात दोन दोन शिकल्याल्या बाया माज्यावरनं भांडत्यात, पेपरात भांडत्यात! मी त्रिशाला म्हटलं, ते पत्र बी कापून ठेव, फेकू नको.

(ठेवलंय. आणि मी काही भांडत नाही, असं मी तिला सांगितलं. ती 'लिव गप' म्हणाली. त्रि.)

चातुर्मासाला सांगलीला येते. बस्तीत देवापाशी बसायला तितंच बरं. दिवाळीनंतर परत हिकडं. हिचं तोंड आत्ताच उतरलंय, लिवता लिवता. तुजं बी दिवाळीला उतरंल.

मी न्हाई समजूत घालनार. जळा गं दोघी बी. मला बरं वाटतंय.